गुलाबी नखं आणि निलगिरीचं तेल

नखं माणसाला लसूण सोलायला, चिकटलेली लेबलं खरवडायला आणि डब्यांची घट्ट झाकणं उघडायला दिलेली असतात, अशी माझी पस्तिशीपर्यंत पक्की समजूत होती. वाढली की कापायची आणि विसरून जायचं. त्यांना रंग लावणं, तो वाळेपर्यंत हात हवेत धरून बसणं आणि तो टिकावा म्हणून अख्खं घर त्याच्या तालावर नाचवणं हे मला अमेरिकेनं शिकवलं. ऐंशीच्या दशकात, तिथल्या एडिसन नावाच्या गावात, सासूबाई घरात असताना. आजही कुणी माझ्यासमोर नेलपॉलिशची बाटली उघडली की त्या वासाबरोबर माझा तेव्हाचा सगळा वैताग उफाळून येतो.

त्याआधी बरेच महिने मी मॉलमधल्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात कपड्यांना किमतीच्या चिठ्ठ्या टोचत होते. तिथे खिडकी नव्हती आणि बोलायला माणूस नव्हतं. शेजारच्या टेबलावरची बाई कानाला वॉकमन लावून बसायची आणि जाताना तेवढी हात हलवायची. पुण्यात मी शाळेत शिकवत होते, शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचायचा, आणि इथे मी दिवसेंदिवस मुकी होत चालले होते. संध्याकाळी घरी आल्यावर पहिलं वाक्य बोलताना घसा खाकरावा लागायचा. म्हणून वरच्या मजल्यावर दागिन्यांच्या काउंटरला ख्रिसमसच्या गर्दीपुरत्या बायका हव्या आहेत असं कळलं तेव्हा मी धावत सुटले. त्यांनी मला घेतलं. पण हंगाम संपला की नव्या बायकांपैकी एकीलाच ठेवणार होते, बाकीच्यांनी आपापल्या जुन्या जागी परत जायचं. मला तळघरात परत जायचं नव्हतं. काय वाटेल ते झालं तरी जायचं नव्हतं.

आता यात नखांचा काय संबंध? मलाही हेच वाटलं होतं. मला वाटलं होतं, हिशेब यावा लागेल, गोड बोलावं लागेल, हिऱ्यातलं थोडंफार कळावं लागेल. ते सगळं होतंच. पण काउंटरची सुपरवायझर, उंच, शिडशिडीत, केसाची एक बट कधी हललेली नाही अशी बाई, पहिल्याच दिवशी म्हणाली की गिऱ्हाईक आधी हात बघतं आणि मग अंगठी. त्यामुळे नखं सारखी, बेताची लांब आणि फिकट गुलाबी हवीत. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आम्ही ओळीत उभ्या राहून हात पुढे करायचो. शाळेत मी मुलांची नखं तपासत असे ते आठवून मला तिथे अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. जिच्या एखाद्या नखाचा टवका उडालेला दिसेल तिची त्या दिवशीची रवानगी मागच्या खोलीत, गिफ्टचे खोके बांधायला.

तशी ती वाईट नव्हती. तिनं मला सगळं नीट शिकवलं. नखं घासायची ती एकाच दिशेनं, करवत चालवल्यासारखी मागंपुढं नाही. मग एक बिनरंगाची बाटली असते, तिचा हात आधी द्यायचा. त्यावर गुलाबी रंग, पण पातळ, दोनदा, आणि मध्ये धीर धरून वाळू द्यायचा. ब्रश नखाच्या टोकावरूनही फिरवायचा, म्हणजे टोक बंद होतं आणि टवका निघायला सुरुवात होत नाही. शेवटी वरून पुन्हा बिनरंगाची बाटली, आणि ती मग एक दिवसाआड. भांड्यांना हात लावायचा तो रबरी मोजे घालून. बोटांनी काही उचलायचं ते बोटाच्या पेराने, नखाने नाही. "नख हा दागिना आहे, अवजार नाही," असं ती म्हणायची. मी मनात म्हणायचे, बाई गं, तू माझ्या घरी येऊन एक दिवस राहा.

कारण माझ्या घरी, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. नवऱ्याची आई. पुण्याला धाकट्या दिरांकडे राहायच्या आणि अमेरिकेला पहिल्यांदाच येत होत्या. बॅगेत भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि मेंदीची पुडकी घेऊन आल्या. सोबत निलगिरीच्या तेलाची बाटली, प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळलेली, तरी त्यांच्या सगळ्या साड्यांना तो वास लागलेला. मेंदी हा त्यांचा प्रांत. आमच्या नात्यातल्या कुठल्याही नवरीच्या हातावर मेंदी काढायला त्यांनाच बोलावणं यायचं. साध्या काडीनं त्या अशी नाजूक वेल काढायच्या की बघत राहावं. स्वतःच्या हाताला मात्र सासरे गेल्यापासून लावत नसत. कुणी मनाई केली होती असं नाही. लावत नसत, एवढंच.

दिवाळीच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मेंदी भिजवली आणि मला हाक मारली.

"आई, मला नको. काउंटरवर चालणार नाही," मी म्हणाले.

"मेंदी चालत नाही?"

"नाही चालत."

"आणि हा नखाचा रंग चालतो?"

"चालतो काय, तो लागतोच. नसला तर हाकलून देतील."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू हा नियम मीच केला आहे. मग नातीला हाक मारली. आमची लेक तेव्हा दहा वर्षांची. तिने दोन्ही हात ऐसपैस पसरले, टीव्हीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "डू बोथ साइड्स, आजी." भिजवलेली मेंदी सगळी तिच्यावर संपली. माझ्या हातावर काही काढायचं राहिलं याची हळहळ सासूबाईंना पुढे बरेच दिवस पुरली.

आणि मग त्यांनी आपला मोर्चा माझ्या नखांकडे वळवला.

मी रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बाटल्या मांडून बसायचे. आठवडाभराची तयारी तेव्हाच, कारण सोमवारी सकाळी तपासणी. मी बसले की सासूबाई खुर्ची ओढून शेजारी येऊन बसायच्या. कशाला काय म्हणतात, ही बाटली आधी की ती, इतका उग्र वास कशाचा, हा रंग जरा गडद का नाही घेत, असं सगळं विचारून झालं. मग एका रविवारी म्हणाल्या, "थांब. असा कोरड्या हातावर रंग चढेल होय?"

आणि निलगिरीचं तेल घेऊन आल्या.

आता हे वाचताना तुम्ही हसाल. पण मी मुकाट्यानं हात पुढे केला. आमच्याकडे मेंदी लावायच्या आधी हाताला निलगिरीचं तेल चोळतात, त्यानं रंग चढतो, हे मला समजायला लागल्यापासून माहीत होतं. रंग चढवायचा तर आधी तेल, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की त्यात खटकण्यासारखं काही आहे हे मनाला शिवलंसुद्धा नाही. त्यातून त्या एकेक बोट धरून नखाच्या कडेकडेनं इतकं छान तेल जिरवायच्या, की आठवडाभर उभं राहून दमलेल्या मला बरंच वाटायचं. त्यांनी पहिल्या रविवारी वाळत आलेल्या रंगावर लिंबू-साखरेचं पाणीही कापसानं टिपलं होतं. मेंदीला टिपतात ना, तसं. त्यानंतर माझी नखं ज्याला त्याला चिकटायला लागली, सोफ्याची लव त्यांना लागली आणि तो प्रयोग मी बंद पाडला. तेल मात्र चालू राहिलं.

सोमवारी नखं आरशासारखी असायची. मंगळवारी संध्याकाळी एखाद्या नखाची कड उचलायची. बुधवारपर्यंत अख्खा पापुद्राच सुटून यायचा, उकडलेल्या बटाट्याचं साल यावं तसा. दर आठवड्याला हेच. मी रोज पहाटे उठून एखाददुसरं नख पुन्हा रंगवून कामावर जायचे, गाडी चालवताना ते वाळायचं, आणि स्टिअरिंगला लागून पुन्हा खराब व्हायचं.

मी सगळा दोष कणकेला दिला. मग रबरी मोजे घालून कणीक मळून पाहिली. निम्मी कणीक मोज्यांना बसली आणि पोळ्यांना रबराचा वास आला. सासूबाईंनी पहिल्याच घासाला पोळी ताटाच्या कडेला सारली. नवऱ्यानं घरात शांतता नांदावी म्हणून तोडगा काढला.

"अगं, फूड प्रोसेसर घेऊ या ना. प्रॉब्लेम सॉल्व्ह."

"आणि भांडी कोण घासणार? फूड प्रोसेसर?"

"मी वीकेंडला हेल्प करीन."

त्याचा वीकेंड कसा असतो ते मला माहीत होतं. मी विषय सोडून दिला.

फूड प्रोसेसर आला. त्यात कणकेचा असा गोळा झाला की तो काढायला पुन्हा नखंच लागायची.

कणकेनंतर दुसरा शत्रू म्हणजे वरण. आम्ही हातानं जेवणारी माणसं. फिकट गुलाबी रंगाला हळद लागली की तो पिवळट होतो, आणि तोही उजव्याच हाताचा. डावा हात मॅडमसारखा, उजवा स्वयंपाक्यासारखा. एका सकाळी तपासणी झाल्यावर सुपरवायझरनं मला बाजूला घेतलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, "तू सिगारेट ओढतेस का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुण्यातल्या शाळेतली मी मास्तरीण. घरात कुणी साधी विडी ओढलेली नाही. मी तिला सांगितलं की हा मसाल्याचा रंग आहे, आम्ही तो रोजच्या जेवणात घालतो.

"पण तो बोटांना कसा लागतो?" तिनं विचारलं.

"बोटांनीच जेवतो म्हणून."

ती हो हो म्हणाली. समजल्यासारखं केलं. पण त्या दिवसापासून ती मला अधूनमधून पुदिन्याच्या गोळ्या द्यायला लागली, त्या अर्थी तिचा विश्वास काही बसला नव्हता. मी त्या गोळ्या आणून लेकीला देत असे. घरी मी चमच्यानं जेवायला सुरुवात केली.

"वरणभात चमच्यानं?" सासूबाई म्हणाल्या. "तोंडाला चव तरी कळते का? आजारी माणसासारखं!"

"आई, मला हौस आहे का?"

"हौस नाही तर मग कशाला? घरात खायला नाही असं आहे का?"

तळघरात मी मुकी होत होते हे त्यांना कसं सांगायचं? त्या घरी दिवसभर एकट्या असायच्या, खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघत. मी असं म्हणाले असते तर त्या म्हणाल्या असत्या, मग मी काय करते आहे? तेही खरंच होतं. म्हणून मी चमच्यानं जेवत राहिले आणि त्या माझ्या समोर मुद्दाम भुरके मारत हातानं जेवत राहिल्या.

डिसेंबर आला तशी काउंटरवर उभं राहायला जागा उरेना. मला ते काम मनापासून आवडत होतं, हे इथे सांगितलं पाहिजे. लोक यायचे, त्यांच्या बायकांबद्दल, आयांबद्दल, कुठल्याशा भांडणाबद्दल बोलायचे. मी त्यांना अंगठी स्वतःच्या बोटात घालून दाखवायचे, हात उजेडात वळवायचे, आणि माझा आवाज परत आला होता. एक म्हातारा गृहस्थ बायकोसाठी अंगठी घ्यायला आला होता. त्याला तीन अंगठ्यांत ठरवता येईना. मी एक घातली, काढली, दुसरी घातली. दुसरी काढताना माझ्या अनामिकेच्या नखाचा अख्खा गुलाबी पापुद्रा निघाला आणि काळ्या मखमलीच्या ट्रेवर पडला.

तो म्हातारा चष्मा वर करून वाकला. त्यानं तो पापुद्रा दोन बोटांत उचलला आणि फार काळजीनं विचारलं, "हे अंगठीतून निघालं का?"

सुपरवायझर माझ्या मागेच उभी होती. तिनं हसून तो पापुद्रा त्याच्याकडून घेतला, पुढची विक्री स्वतः केली आणि मला मागच्या खोलीत पाठवलं. संध्याकाळी निघताना म्हणाली, "तू माझी सगळ्यात चांगली बोलणारी मुलगी आहेस. पण असं पुन्हा झालं तर मला तुला ठेवता येणार नाही. हंगाम संपला की मला वर सांगावं लागतं, कुणाला ठेवायचं ते."

गाडीत मी रडले नाही. मला इतका संताप आला होता की रडायला सुचलंच नाही. माझं काय करायचं राहिलं होतं? मोजे घातले होते, चमच्यानं जेवत होते, एकाच दिशेनं घासत होते, टोकं बंद करत होते. लसूण सोलायला सुरी घेत होते. बाकीच्या बायकांची नखं आठवडाभर टिकत होती आणि त्यातल्या एकीला तर लहान बाळ होतं. माझ्याच नखांना काय धाड भरली होती?

त्या रविवारी मी टेबलावर बाटल्या मांडल्या. सासूबाईंनी खुर्ची ओढली, तेलाची बाटली उघडली. लेक समोर बसून शाळेचं चित्र रंगवत होती. आधी मेणाच्या खडूनं चांदण्या काढायच्या आणि मग वरून निळा रंग फिरवायचा, असं काहीतरी. खडूच्या रेघांवर निळा रंग बसत नव्हता, थेंबथेंब होऊन बाजूला पळत होता आणि चांदण्या पांढऱ्याच राहत होत्या. तिनं एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा आपल्या कागदाकडे.

"मॉम, इट्स द सेम थिंग," ती म्हणाली.

"कसली सेम थिंग?"

"आजी पुट्स ऑइल. सो द पेंट डझन्ट स्टिक." आणि ब्रश पाण्यात बुडवला.

मी सासूबाईंच्या हातातला हात ओढून घेतला. सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात लख्ख झालं, आणि त्याबरोबर असा राग आला की मला तो आवरता आला नाही.

"तुला हे माहीत होतं? इतके दिवस?"

"यू नेव्हर आस्क्ड मी."

"बघितलंत आई?" मी सासूबाईंकडे वळले. "हे तेल! तेलामुळे सगळं सुटून येतंय. मी त्या बाईची बोलणी खातेय, लोकांसमोर माझी शोभा होतेय, मला तळघरात परत पाठवतील, आणि ते कशामुळे, तर तुमच्या या तेलामुळे! ही मेंदी नाही आई! काय म्हणून प्रत्येक गोष्टीत हात घालायचा असतो तुम्हाला?"

इतकं त्यांना कुणी आयुष्यात बोललं नसेल. नवरा आतल्या खोलीतून दारापर्यंत आला आणि तसाच परत गेला. सासूबाईंनी तेलाच्या बाटलीला बूच लावलं. फडक्यानं आपली बोटं पुसली, एकेक करून. मला वाटलं, आता रडणं होणार, पुण्याला फोन होणार, तिकीट अलीकडचं करा म्हणणार. तसं काही झालं नाही. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि परातीचा आवाज आला.

"कणीक मी मळते," त्या आतून म्हणाल्या. "तू हात घालू नकोस."

त्या दिवसापासून त्यांनी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. कणीक, भांडी, तांदूळ धुणं, नारळ खवणं, सगळं त्यांनी अंगावर घेतलं. मी ओट्यापाशी गेले की "हात!" म्हणून ओरडायच्या. मला ते नको होतं. त्या वयात त्यांच्याकडून भांडी घासून घेणं मला जड जात होतं, आणि त्यांचं ते आवर्जून करणं म्हणजे माझ्यावरचा राग आहे की माया आहे हे मला कळत नव्हतं. विचारायचीही सोय नव्हती. रविवारी त्या पूर्वीसारख्याच शेजारी येऊन बसायच्या, पण आता हात पदराखाली. मी रिमूव्हरनं नखं कोरडी ठणठणीत पुसली की लांबूनच म्हणायच्या, "अंगठ्याचं राहिलं बघ. तिथे चकाकतंय."

आणि नखं टिकली. रविवारपासून रविवारपर्यंत, नाताळच्या गर्दीत, वस्तू परत करणाऱ्यांच्या त्याहून मोठ्या गर्दीत. जानेवारीत एका सकाळी सुपरवायझरनं माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, "तू राहतेस." मग पुदिन्याची गोळी दिली आणि म्हणाली, सिगारेट सोडलीस ते फार छान केलंस.

घरी येऊन मी सांगितलं तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी माझा हात धरला, खिडकीशी नेला, एकेक नख पाहिलं आणि सोडून दिला. "चांगलं झालं," म्हणाल्या. पुन्हा तांदूळ निवडायला बसल्या.

त्यांच्या निघायच्या आदल्या दिवशी घरात नुसता गोंधळ होता. बॅगांचं वजन जास्त भरत होतं. लेकीला आजीबरोबर एअरपोर्टवर यायचं होतं आणि शाळा बुडवायची होती. नवरा वजनकाटा घेऊन जमिनीवर बसला होता. मी दिरांसाठी घेतलेले स्वेटर कोंबत होते, आणि अशा वेळी सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"तुझी ती बिनरंगाची बाटली आहे ना," त्या म्हणाल्या.

"आहे. का? पुण्याला मिळते तिकडे, आता बॅगेत जागा नाही."

"न्यायची नाहीये. मला लावशील का?"

मी वैतागून मान वर केली. "आत्ता?"

"राहू दे मग."

"आई, पण तिला रंगच नसतो. लावलं काय आणि न लावलं काय, दिसणार काहीच नाही."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

मी स्वेटर खाली ठेवले. टेबलापाशी आम्ही समोरासमोर बसलो. त्यांनी हात पुढे केले ते असे, जसे वर्षानुवर्षं बायका त्यांच्यासमोर करत आल्या होत्या. मी रिमूव्हरनं पुसायला घेतलं. कडांना मुरलेली हळद निघेना. खूप पुसलं, तरी पिवळी ती पिवळीच. त्या हातांनी तीनेक महिने माझी कणीक मळली होती आणि त्याआधी जन्मभर इतरांची. तशाच नखांवर मी पातळ हात फिरवला, वाळू दिला, दुसरा फिरवला, टोकं बंद केली. करंगळीला घाई झाली, कारण नवरा आतून हाका मारत होता. त्या बोटं फाकवून, श्वास धरल्यासारख्या बसल्या होत्या. वाळल्यावरही बराच वेळ त्यांनी कशालाच हात लावला नाही. पाणी प्यायला मला भांडं तोंडाशी धरायला लावलं. नखं फक्त चमकत होती, तीही उजेडात धरली तर.

पंधराएक दिवसांनी पुण्याहून जावेचा फोन आला. तेव्हा परदेशी फोन म्हणजे दोन्हीकडून ओरडून बोलायचं.

"वहिनी, तिकडून आल्यापासून आईंचं काहीतरी बिनसलंय," ती ओरडली. "चमच्यानं जेवतात! वरणभात चमच्यानं! ह्यांनी हटकलं तर ताट घेऊन आत जाऊन बसल्या. भांडी घासायला रबरी मोजे आणून द्या म्हणतात. काल कणीक मळा म्हटलं तर म्हणाल्या, खराब होईल. अहो, काय खराब होईल? मला तर काही दिसत नाही. तुम्ही काय करून पाठवलंत त्यांना?"

मी म्हटलं, त्यांना फोन दे. थोडा वेळ नुसता खरखराट आला.

"आई?"

"हं." मग आवाज एकदम खाली गेला, इतका की मला कान दाबून धरावा लागला. "करंगळीचं तेवढं गेलं. बाकी सगळी आहेत."

"करंगळीला माझी घाई झाली होती," मी म्हणाले.

"ते मला तेव्हाच दिसलं होतं," त्या म्हणाल्या, आणि फोन परत जावेकडे गेला.

"बघितलंत ना वहिनी? तुम्हीच सांगा आता काय करायचं ते."

"त्यांना चमचा दे," मी म्हणाले. "आणि मोजे आणून दे."

"अहो पण का? झालंय काय त्यांना?"

"काही झालेलं नाही. कणीक तू मळ."